कापड विणण्याआधीचा मशवरा
पडद्यावरचा नक्शा कसा पाहावा, ऐब कसा सांगावा आणि कसा ऐकावा

कापडाच्या धंद्यात माल परत येण्यासारखे नुकसान नाही. विकत घेणाऱ्याचा हंगाम जातो, विणणाऱ्याचे भांडवल अडकते, आणि दोघांची वर्षांची ओळख तुटते ती निराळीच. अशा भांडणांच्या मुळाशी जाऊन पाहिले तर बहुतेक वेळा लबाडी सापडत नाही. नक्शा पसंत करण्याच्या वेळी जे बोलावयास हवे होते ते कोणी बोलले नाही, एवढेच सापडते.

बीड, अंबाजोगाई, माजलगाव, गेवराई येथील आपल्या दुकानदारांची जुनी रीत अशी की सुरत, मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथे जावे, थान उलगडावे, कापड बोटांत चोळावे, उजेडात धरावे आणि मग सौदा करावा. आता बराचसा माल विणण्यापूर्वीच पसंत केला जातो. कारखान्यातील नक्शाकार संगणकावर साडी काढतो आणि तिचे चित्र मोबाइलवर पाठवितो. कित्येकदा ती साडी एखाद्या बाईच्या अंगावर नेसवलेलीही दाखविली जाते. बाई खरी नाही, साडीही खरी नाही. अजून एक धागासुद्धा ओढलेला नाही. दुकानदार गल्ल्यावर बसल्याबसल्या ते चित्र पाहतो आणि ‘अच्छा हाय, डाल दो’ असे उत्तर देतो. येथेच व्यवहार बिघडावयास सुरुवात होते.

भरतकाम, जरदोजी, दुपट्टे, शाळेच्या गणवेशावरील बिल्ले अशी कामे करणाऱ्या आपल्या कारीगर बंधूंचाही हाच अनुभव आहे. म्हणून न विणलेल्या कापडाचा नक्शा कसा तपासावा, त्यातील उणीव कशी सांगावी आणि सांगितलेली उणीव कशी ऐकावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चूक कोठे स्वस्त, कोठे महाग

औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा हिमरू आपल्या मराठवाड्याची शान. सूत आणि रेशीम मिळून विणल्या जाणाऱ्या या कापडाची नक्षी पूर्वी जाल्यावर बांधली जात असे. कागदावरचे फूल धाग्यांच्या गाठींत उतरविणाऱ्याला नक्शबंद म्हणत. कोणत्या ओळीला कोणते उभे धागे उचलावयाचे हे तो गाठींनी बांधून ठेवी. मागावर एक जण विणावयास बसे आणि मदतनीस ते धागे खेचून देई. एक नक्षी बांधावयास अनेक दिवस लागत. त्या दिवसांत विणकर, नक्शबंद व माल घेणारा व्यापारी ती पुन्हा पुन्हा पाहत. काम संथ होते, म्हणून मशवऱ्याला आपोआप वेळ मिळत होता.

फ्रान्समधील लियों शहराच्या जोसेफ मारी जकार्ड याने 1804 च्या सुमारास छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारे यंत्र तयार केले. जाल्याच्या गाठींची जागा पुठ्ठ्याच्या पत्त्यांनी घेतली. साध्या हिशेबाने एका आडव्या धाग्याला एक पत्ता. इंचाला 60 आडवे धागे असतील आणि नक्षी 8 इंच लांब असेल, तर 480 पत्ते पाडावे लागतात. त्यात फूल बदलावयाचे ठरले तर तेवढे पत्ते पुन्हा पाडावे लागतात.

आता संगणकाने पत्तेही बाजूला सारले आहेत. नक्शा संगणकावर काढला, फाईल मागाला जोडली की विणकाम सुरू. भरतकामाचेही तसेच. एकच नक्षी मशीनच्या अनेक डोक्यांवर एकाच वेळी चालते. म्हणजे पडद्यावर असेपर्यंत फूल बदलावयास काही मिनिटे लागतात; परंतु एकदा मशीन सुरू झाली की चूकही तितक्याच वेगाने वाढते. समजा साडीची लांबी साडेपाच मीटर आहे आणि 100 साड्यांचे काम लावले आहे. पदरातील एक चूक 550 मीटर कापड बिघडविते. शिवाय दुरुस्तीसाठी माग थांबला की मीटरवर मजुरी घेणाऱ्या विणकराची त्या दिवसाची कमाई थांबते. नक्शा पसंत करताना त्याला कोणी विचारलेले नसते, पण नुकसानीचा पहिला वाटा त्याच्याच घरात जातो.

तेव्हा ध्यानात ठेवावयाची मुख्य गोष्ट ही की दोष सांगण्याची खरी वेळ नक्शा पडद्यावर असतानाची आहे. त्या वेळी बोललेला शब्द मशवरा ठरतो. तोच शब्द माल आल्यावर बोलला तर तक्रार ठरतो.

पडदा जे दाखवीत नाही

चांगला दोष काढावयाचा तर आधी पाहता आले पाहिजे. पडद्यावरील कापड सहा ठिकाणी फसविते.

1) माप. मोबाइलवर बुट्टी बोटाएवढी दिसते. प्रत्यक्षात ती किती इंचांची? हिशेब सोपा आहे. मागाला 480 हुक असतील आणि इंचाला 80 उभे धागे असतील तर नक्षी 6 इंचांनी पुन्हा येणार. त्या 6 इंचांत तीन बुट्ट्या बसविल्या तर दोन बुट्ट्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर 2 इंच. नक्शाकाराकडून हे आकडे मागून घ्यावेत आणि कागदावर पट्टीने तेवढी बुट्टी काढून पाहावी.

2) आकार. उभे धागे इंचाला 80 आणि आडवे 60 असतील, तर चौकटीच्या कागदावर 80 घरे रुंद व 80 घरे उंच काढलेला गोल कापडावर गोल येणार नाही. तो 1 इंच रुंद आणि सव्वा इंचाहून जास्त उंच असा लांबट येईल. खरा गोल हवा असेल तर 80 घरे रुंद व 60 घरे उंच काढावा लागतो. जाणकार नक्शाकार हा हिशेब धरतोच; परंतु ऐनवेळी धाग्यांची संख्या बदलली तर जुना नक्शा तसाच चालत नाही. सौदा करताना कापड हलके करा, धागे कमी करा असे आपण सांगतो, तेव्हा नक्षीही बदलते हे विसरू नये.

3) रंग. पडदा स्वतः उजेड फेकतो, कापड बाहेरचा उजेड परत देते. म्हणून पडद्यावरचा जांभळा कापडावर तसाच कधी येत नाही. त्यातही उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असेल तर धूपछांव होते, ती स्थिर चित्रात कळत नाही. रंग ठरवावयाचा तर धाग्याची रिळे किंवा रंगाचे कार्ड मागवावे, दोन्ही धागे एकमेकांवर गुंडाळावेत आणि दुकानाच्या दिव्याखाली न पाहता अंगणात उन्हात पाहावेत. ‘थोडा गडद करा’ असे लिहू नये. कार्डावरील क्रमांक लिहावा.

4) जोड. नक्शाकार बहुधा नक्षीचा एकच तुकडा दाखवितो. तो देखणा असतो. पण तोच तुकडा शेजारी शेजारी लागला की फुलांमधल्या रिकाम्या जागा ओळीने येतात आणि सबंध साडीवर पट्टे दिसू लागतात. म्हणून दोन तुकडे आडवे व दोन उभे, असे चार जोडलेले चित्र मागावे. मोबाइल हातभर दूर धरून डोळे किंचित मिटून पाहिले की पट्टा असेल तर लगेच उठून दिसतो.

5) मागील बाजू. पडदा कापडाची फक्त समोरची बाजू दाखवितो. दोन फुलांमध्ये धागा किती लांब मोकळा सुटतो हे मागून कळते. असा सुटा धागा बांगडीत, जोडव्यात, लहान मुलाच्या बोटात अडकतो आणि चार धुण्यांत कापडाचे रूप जाते. सर्वांत लांब सुटा धागा किती आणि तो मागून कातरणार की बांधून घेणार, हे विचारावेच.

6) नेसल्यावरची दिशा. पडद्यावर साडी आडवी पसरलेली असते. नेसल्यावर अंगाभोवती गुंडाळलेल्या भागात साडीची लांबी आडवी जाते, पण पदर खांद्यावरून पाठीवर सुटतो तेव्हा तीच लांबी उभी होते. म्हणून अंगावरील कोयरी आणि पदरावरील कोयरी एकाच दिशेने काढली, तर दोहोंपैकी एक आडवी पडलेली दिसणार. शिवाय निऱ्यांत कोणता भाग झाकला जातो आणि कोणता काठ पायाशी येतो, याचाही विचार हवा. ज्यांच्या दुकानात नऊवारी खपते त्यांनी नऊवारीचा हिशेब वेगळा मांडावा. काष्ट्यात जाणाऱ्या भागावर महाग नक्षी भरून घेणे म्हणजे पैसा झाकून ठेवणे होय.

ही सहा कामे दहा मिनिटांची आहेत. घरातील स्त्रियांना चित्र दाखविले तर सहावा मुद्दा त्या एका नजरेत सांगतात. साडी त्या नेसतात, आपण केवळ विकतो.

ऐब, बाजार आणि पसंद

नक्शा पाहिल्यावर मनात जे येते ते सर्व एकाच पोत्यात भरू नये. त्याचे तीन भाग करावेत.

पहिला भाग ऐबचा. गोल लांबट होणे, जोड पट्ट्यासारखा दिसणे, धागा लांब सुटणे, पदराची कोयरी आडवी पडणे हे ऐब आहेत. ते कोणाच्या आवडीवर अवलंबून नाहीत. मोजून दाखविता येतात. ऐब दुरुस्त करणे ही नक्शाकाराची जबाबदारी. त्यासाठी जादा पैसे मागू नयेत, आणि ऐब सांगितल्याचा रागही मानू नये.

दुसरा भाग बाजारचा. नक्शात दोष नाही, पण आपल्या गिऱ्हाइकाला तो चालणार नाही. आपल्या जिल्ह्यातून लाखो ऊसतोड मजूर दिवाळीच्या आसपास साखर कारखान्यांकडे जातात आणि हंगाम संपला की उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. उचल हातात आली की जाण्याआधीची खरेदी होते, आणि परतल्यावर लग्नसराईची. फडात वापरावयाच्या साडीला फिकी जमीन चालत नाही, चिखलाचा डाग उठून दिसतो. तेथे गडद जमीन, बारीक बुट्टी, न अडकणारा काठ हवा. लग्नाच्या साडीला मात्र हेच उलटे. सुरतच्या किंवा मालेगावच्या नक्शाकाराला हे कसे कळावे? ते सांगणे आपले काम. हे सांगितले नाही तर त्याने सुंदर काम करूनही माल पडून राहतो. बाजाराची गोष्ट सांगताना ‘हे चांगले नाही’ असे न म्हणता ‘हे आमच्याकडे या कारणाने चालत नाही’ असे म्हणावे. पहिल्या वाक्याने कारीगर खट्टू होतो, दुसऱ्याने त्याला माहिती मिळते आणि पुढच्या नक्शात ती त्याच्या उपयोगी पडते.

तिसरा भाग पसंदचा. मला हिरवा आवडतो, भावाला निळा. यात ना ऐब आहे ना बाजार. पसंद सांगण्यास हरकत नाही, पण ती पसंद आहे असे सांगूनच सांगावी. त्यापायी पुन्हा पुन्हा नक्शा काढावयास लावला तर त्या मेहनतीची उजरत द्यावी. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण नक्शा काढणाऱ्यालाही लागू आहे. त्याचा घाम दिसत नाही, डोळे मात्र शिणतात.

सांगणाऱ्यासाठी

टीका कशी करावी याचा एक उत्तम नमुना सीरतच्या ग्रंथांत बद्रच्या प्रसंगात सापडतो. हिजरी सन 2 मध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बद्र येथे पाण्याजवळ तळ दिला. हुबाब बिन मुन्जिर (रजि.) यांना ती जागा योग्य वाटली नाही. त्यांनी आधी विचारले की ही जागा अल्लाहच्या आदेशाने ठरली आहे की हा युद्धाच्या डावपेचाचा निर्णय आहे? हा डावपेचाचा निर्णय आहे असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी आपले मत मांडले. शत्रूला जवळ असलेल्या विहिरीपर्यंत पुढे जावे, बाकीच्या विहिरी बुजवाव्यात, आपल्यासाठी हौद बांधून पाणी भरावे. म्हणजे आपल्याजवळ पाणी राहील आणि त्यांच्याजवळ राहणार नाही. प्रेषितांनी (स.) ते मान्य केले आणि तळ हलविला.

या प्रसंगात आपल्या धंद्यासाठी चार धडे आहेत. टीका करण्याआधी विचारले. कोणती गोष्ट बदलता येणारी आहे आणि कोणती नाही हे समजून घेतले. केवळ दोष न सांगता पर्याय सांगितला आणि त्याचे कारणही सांगितले. आणि हे सर्व तळ पक्का होण्यापूर्वी, वेळेवर सांगितले. ऐकणाऱ्याचा दर्जा एवढा मोठा असूनही सांगणारा गप्प बसला नाही, आणि ऐकणाऱ्याने ते मोकळ्या मनाने घेतले.

हाच नियम नक्शाला लावावा. प्रथम विचारावे : ‘उस्ताद, येथे जागा मोकळी ठेवली आहे ती मुद्दाम की राहून गेली?’ पुष्कळदा उत्तर मिळते की तेथे टिकली लागणार आहे, किंवा हुक संपले म्हणून जागा सुटली. कारण कळले की निम्मी टीका विरून जाते आणि उरलेली नेमकी होते.

आता दोन उत्तरे ताडून पाहा. एक व्यापारी लिहितो : ‘मजा नाही आली, काहीतरी वेगळे करा.’ दुसरा लिहितो : ‘नमुना क्रमांक 2. काठाची बेल चांगली आहे, तशीच ठेवा. पदरावरील कोयरी नेसल्यावर आडवी दिसेल, ती फिरवा. जमिनीवरील बुट्टी 2 इंचांवर आहे, ती 3 इंचांवर घ्या. आमच्याकडे मोकळी जमीन चालते.’ पहिल्या उत्तराने नक्शाकार अंधारात दगड मारीत बसतो, चांगली झालेली बेलही पुसून टाकतो. दुसऱ्या उत्तराने काम एकाच फेरीत संपते. काय ठेवावे हे सांगणे काय बदलावे याइतकेच महत्त्वाचे आहे.

आणखी दोन पथ्ये. एका दुकानातून एकानेच उत्तर द्यावे. भाऊ एक सांगतो, मुलगा दुसरे, दुकानातील नोकर तिसरे, आणि नक्शाकाराने कोणाचे ऐकावे? घरात काय वाद घालावयाचा तो घालावा, पण बाहेर एकच कागद जावा. दुसरे असे की चारचौघांत, इतर गिऱ्हाइकांसमोर किंवा पन्नास जणांच्या मोबाइल गटात कारीगराच्या कामाला नाव ठेवू नये. एकट्याला सांगितलेली चूक त्याची दुरुस्ती होते, चारचौघांत सांगितलेली त्याची बेइज्जती होते.

तोंडावर ‘माशाल्लाह, अच्छा हाय’ म्हणून मागे नाक मुरडणे याला आपण मुरव्वत समजतो. ती मुरव्वत नव्हे. ज्याला मशवरा विचारला गेला त्याच्यावर अमानत सोपविली गेली, अशी आपली शिकवण आहे. दिसलेला ऐब झाकून ठेवणे म्हणजे त्या अमानतीत कसूर करणे होय.

ऐकणाऱ्यासाठी

कारीगर बंधूंसाठीही काही गोष्टी. आपले काम कोणी दोषास्पद म्हटले की अंगावर काटा येतो, हे खरे. रात्री जागून काढलेले फूल दुसऱ्याच्या एका वाक्याने पडते. परंतु नक्शाचा दोष हा माणसाचा दोष नव्हे. पहिले पथ्य हे की पूर्ण ऐकावे, मध्ये सफाई देऊ नये, आणि जे ऐकले ते लिहून घ्यावे. मग ते परत वाचून दाखवावे : ‘सेठ, तुम्ही तीन गोष्टी सांगितल्या, कोयरी फिरवावयाची, बुट्टी लांब घ्यावयाची, बेल तशीच ठेवावयाची. बरोबर?’ या एका वाक्याने निम्मे गैरसमज जागीच मिटतात.

समोरच्याला सांगता येत नसेल तर प्रश्न विचारून काढून घ्यावे. ‘मजा नाही’ असे तो म्हणाला तर विचारावे : मजा कोठे जाते? रंगात, आकारात की दाटीत? आकारात असेल तर मोठा वाटतो की लहान? गिऱ्हाइकाला नक्शाची भाषा येत नाही, पण त्याचे डोळे खोटे बोलत नाहीत. त्याने सांगितलेला उपाय चुकीचा असू शकतो. त्याला खटकलेली जागा मात्र बहुधा बरोबर असते. तो म्हणतो फूल मोठे करा, आणि खरे पाहता फुलाभोवतीची पाने दाट झालेली असतात.

प्रत्येक सूचनेला ‘हो’ म्हणणे हीसुद्धा खोटी नम्रता आहे. मागाला जे शक्य नाही ते तेव्हाच सांगावे. इंचाला धागे तेवढेच ठेवून एवढे बारीक डोळे निघणार नाहीत. रंग वाढविला तर दर वाढेल. बदल केला तर चार दिवस लागतील. ही किंमत आधी सांगितली तर गिऱ्हाईक विचार करून बदल मागतो. माल देताना सांगितली तर ते बहाणे ठरतात.

आपला नक्शा देखणा दाखविण्याच्या नादात त्याचा कमकुवत भाग झाकूही नये. मदीनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून प्रेषितांनी (स.) आतील ओल दाखवून दिली आणि ओले धान्य वर का ठेवले नाही, असे व्यापाऱ्याला विचारले, ही हदीस आपल्या सर्वांना ठाऊक आहे. बाईच्या अंगावर नेसवलेले चमकदार चित्र पाठविणे आणि धाग्याचे आकडे न पाठविणे, हे ओले धान्य खाली ठेवण्यासारखेच आहे. चित्रासोबत एका कागदावर पाच आकडे द्यावेत : इंचाला उभे धागे, आडवे धागे, नक्षीची रुंदी व लांबी, सर्वांत लांब सुटा धागा.

नक्शा बदलला की त्याला नवा क्रमांक आणि तारीख द्यावी. जुना पुसू नये. चौथ्या फेरीनंतर ‘पहिलाच बरा होता’ असे गिऱ्हाईक म्हणते, तेव्हा पहिला जवळ असावा लागतो.

नमुना आणि लिखापढी

पडद्यावर किती जरी पाहिले तरी अखेरचा निर्णय कापडावर व्हावा. नक्शा ठरला की अर्धा मीटर तुकडा विणून घ्यावा. तो धुवावा, चुरगाळावा, उन्हात धरावा. पसंत पडला तर त्याचे दोन भाग करून दोन्ही बाजूंनी सह्या करून एकेक जवळ ठेवावा. तुकड्याचा खर्च कोण करणार हे आधीच ठरवावे.

या तुकड्याला कायद्यातही वजन आहे. 1930 च्या माल विक्री कायद्याच्या कलम 17 प्रमाणे नमुन्यावरून झालेल्या विक्रीत सगळा माल नमुन्याबरहुकूम असावा लागतो आणि ताडून पाहण्याची वाजवी संधी घेणाऱ्याला मिळावी लागते. मोबाइलवरील चमकत्या चित्रावरून वाद घालण्यापेक्षा हातातील तुकड्यावरून बोलणे केव्हाही सोपे.

आपल्या फिकहमध्ये ऑर्डर देऊन वस्तू बनवून घेण्याच्या या व्यवहाराला इस्तिस्ना म्हणतात. वस्तूची जात, माप आणि वर्णन स्पष्ट असावे ही त्याची अट. वर्णनाप्रमाणे माल तयार झाल्यावरही तो पाहून नाकारण्याची मुभा इमाम अबू हनीफा (रह.) घेणाऱ्याला देतात. इमाम अबू यूसुफ (रह.) यांचे मत असे की माल वर्णनाप्रमाणे असेल तर घेणाऱ्याने माघार घेऊ नये, कारण कारीगराचे नुकसान होते. उस्मानी राजवटीत 1869 ते 1876 या काळात तयार झालेल्या मजल्ला या कायदेसंहितेने कलम 392 मध्ये हेच दुसरे मत स्वीकारले. प्रत्यक्ष वाद उद्भवल्यास आलिमांना विचारावे. व्यवहाराच्या दृष्टीने धडा एवढाच की वर्णन जितके नेमके, तितकी नंतरची तक्रार कमी. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराहच्या आयत क्रमांक 282 मध्ये आहे. तीच सवय येथेही लावावी. किती फेऱ्यांपर्यंत बदल मोफत, त्यानंतर काय दर, मंजुरीनंतर बदल मागितल्यास पत्ते, धागा व मजुरीचा खर्च कोणाचा, हे चार ओळींत लिहावे.

दाखविलेला नक्शा ही अमानत

कारीगर नक्शा दाखवावयास कचरतात याचे एक कारण म्हणजे चोरी. मत विचारावयास पाठविलेले चित्र दुसऱ्याच कारखान्यात जाते आणि पंधरा दिवसांत तोच माल स्वस्तात बाजारात येतो. अशाने कोणी कोणाला दाखवीत नाही, आणि मशवऱ्याचा रस्ताच बंद होतो.

डिझाइन कायदा 2000 प्रमाणे नव्या नक्शाची नोंदणी करता येते. हक्क 10 वर्षांचा, आणि अर्ज केल्यास पुढे 5 वर्षे वाढतो. अट अशी की नोंदणीपूर्वी नक्शा जाहीर झालेला नसावा. मात्र याच कायद्याच्या कलम 16 मध्ये म्हटले आहे की विश्वासाने दाखविलेला नक्शा जाहीर झाला असे धरले जात नाही. तसेच नोंदणी करावयाच्या नव्या कापड-नक्शाची पहिली, गुप्त ऑर्डर घेतल्यानेही तो जाहीर होत नाही. म्हणून नवा नक्शा मोठ्या गटात टाकू नये. निवडक दोघातिघांना पाठवावा आणि सोबत लिहावे की हा केवळ तुमच्या मतासाठी आहे, पुढे पाठवू नये. आणि ज्याला तो मिळाला त्याने ती अमानत समजून आपल्याजवळच ठेवावी.

सारांश

‘हो’ पाठविण्यापूर्वी व्यापाऱ्याने स्वतःला विचारावे : माप इंचांत पाहिले काय? चार तुकडे जोडून पाहिले काय? रंग धाग्यावर, उन्हात पाहिला काय? मागील बाजूचा सुटा धागा विचारला काय? नेसल्यावर पदर कसा दिसेल हे घरात विचारले काय? काय ठेवावे आणि काय बदलावे हे एकाच कागदावर लिहिले काय?

कारीगराने विचारावे : आकडे दिले काय? सूचना लिहून परत वाचली काय? बदलाची किंमत आणि वेळ आधी सांगितली काय? क्रमांक व तारीख घातली काय? तुकडा विणून सही घेतली काय?

ज्या दुकानात आणि ज्या कारखान्यात हे प्रश्न विचारले जातात तेथे मतभेद होतच नाहीत असे नाही. ते कापड विणण्याआधी होतात आणि तेथेच संपतात. माग एकदा सुरू झाला की तो थांबू नये, विणकराची मजुरी बुडू नये आणि थान उलगडताना दोघांच्याही चेहऱ्यावर समाधान असावे, यासाठी एवढी मेहनत जास्त नाही. अल्लाह आपल्या सर्वांच्या व्यवहारात सचोटी आणि बरकत देवो.